थंड बल्बाचा हिशोब

आजच्या सभेच्या अध्यक्षा, आपल्या मुख्याध्यापिका सत्यशीलाताई गवई, मंचावर विराजमान संस्थेचे पदाधिकारी, नाइलाजाने निवृत्तीचा निरोप घ्यायला बसलेले आमचे हरिसिंग चव्हाण सर, त्यांच्याहून जास्त आनंदात दिसणाऱ्या त्यांच्या सौभाग्यवती ममताबाई, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पकडून बसलेल्या नेरच्या माझ्या बंधुभगिनींनो,

आधीच्या वक्त्यांनी सरांना दीपस्तंभ म्हटलं, ज्ञानाचा सागर म्हटलं. म्हणा बापा! मी नुजहत इमरान शेख, या शाळेची माजी विद्यार्थिनी, एवढंच सांगायला उभी आहे, की माझं लग्न सरांनी मोडता मोडता जुळवलं. सर, मान हलवू नका. तुमची पाळी शेवटी आहे.

माझे अब्बा रहमत खान कोंबड्या पाळतात. थंडीत नवी पिल्लं आली की शेडमध्ये उबेसाठी शंभर-शंभर वॅटचे पिवळे बल्ब लावावे लागतात. अशाच एका जानेवारीत इमरान मला पाहायला आला. धंद्यानं वायरमन. चहा झाल्यावर त्यानं आपली कपबशी आपणच उचलून आत आणून ठेवली. मला मुलगा तिथंच पसंत पडला. आता लपवायचं काय त्यात?

पण अब्बांना परीक्षा घ्यायची हौस. "बेटा, एवढा वायरमन हायेस, तर माहा एक बल्ब किती वीज खाते, काढून दाखव!"

आता मला सांगा, बल्बावर शंभर छापलेलं होतं की नाही? वाचून दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं? पण होणाऱ्या सासऱ्यापुढं हुशारी दाखवायची होती ना! इमराननं बल्ब काढला, मल्टीमीटर लावला. रोध आला चाळीस ओहम. मग शाळेतलं सूत्र: व्होल्टचा वर्ग भागिले रोध. दोनशे तीस गुणिले दोनशे तीस, भागिले चाळीस. आणि छाती फुगवून म्हणतो, "चाचा, हा शंभरचा नाहीच. हा तेराशे वॅट खाऊन राह्यला!"

आपल्याला सगळं जग फसवतं, हा अब्बांचा जन्माचा संशय. त्यांनी शेडमधले सगळे बल्ब टोपल्यात भरले आणि बल्बवाल्या बळीरामजींच्या दुकानाकडे निघाले. वाटेत भेटेल त्याला सांगत गेले. झालं! मोहल्ला घरचे बल्ब घेऊन इमरानपुढं रांगेत, जसं काही शुगर तपासायचं शिबिर. कोणाचा साठचा बल्ब आठशे निघाला. शेजारच्या रुक्माबाईंचा देवघरातला इवलासा बल्बही दोनशेला टेकला, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अवो माय, देवाजवळ राक्षस पोसला मी!"

इकडे शेडमध्ये पिल्लं गारठून एकमेकांच्या अंगावर चढायला लागली. मी आणि अम्मी पोती टाकतोय, आणि पाहुणे अंगणात गुणाकार करतायत!

तेवढ्यात बळीरामजी अब्बांना टोपल्यासकट परत घेऊन आले. लालेलाल झाले होते. "ज्याले बल्ब समजत नाही, त्याले पोरगी देता?"

अब्बांचं तोंड उतरलं. "हरिसिंग सरले बोलवा. पोरगा चुकला असन, तर सोयरीक मोडली."

खरं सांगते, त्या पिल्लांपेक्षा मीच जास्त कापत होते.

सर आले. कानटोपी, मफलर, तोंडात सुपारी. त्यांनी काय केलं? आधी बल्ब पेटवला, मग मोजलं. व्होल्ट दोनशे तीस, करंट पॉइंट त्रेचाळीस. गुणाकार केला, नव्व्याण्णव वॅट. भागाकार केला, पाचशे पस्तीस ओहम. "तार तापली का रोध वाढते, बाबू. तुहे चाळीस ओहम खोटे नाहीत, पण ते थंड बल्बाचे हायेत. पेटलेल्याचा हिशोब त्याच्यावरून होत नाही."

बल्ब पुन्हा लागले, पिल्लं मोकळी पांगली. पण अब्बा इमरानकडं टक लावून. "मंग याले थंड बल्ब मोजाले कोनं शिकवलं?"

इमरान मल्टीमीटरच्या वायरी गुंडाळायला लागला. गुरूचं नाव कसं घेणार बिचारा? मला मात्र राहवलं नाही. दाराआडून बाहेर आले आणि बोलून गेले, "अब्बा, सरांनीच! आम्हा दोघांनाही!"

अहो, आमच्या वेळी प्रयोगाचा तास दुपारी, आणि लोडशेडिंगही नेमकं दुपारी. दहावी संपेपर्यंत प्रयोगशाळेत पेटलेला बल्ब आम्ही पाहिलाच नाही!

सरांनी सुपारी गिळली. "पोरगी खरं बोलते, रहमतभाई. लाईन नसे, म्हणून मी थंडाच मोजून दाखवो. पेटल्यावर येगळं येते, हे सांगाचं राहूनच गेलं."

अब्बांनी दाढीवरून हात फिरवला. एकदा सरांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. माझे डोळे भरलेले त्यांना दिसले असावेत.

"म्हंजे पोरगा नापास नाही," ते म्हणाले. "मास्तर नापास हाय! मंग लगन कायले मोडाचं?"

सर, तुम्ही निघालात याचं मला फार वाईट वाटतं. आज माझ्या लेकीला तुम्हीच शिकवायला हवे होतात, राहिलेल्या सगळ्या गोष्टींसकट.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलं, सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर लहान बहीण समजून पोटात घाला. माइक खरखरला असेल, तर तो माझ्या नवऱ्यानं लावलाय. आणि त्याचं काही चुकलं असेल, तर कृपया सरांना विचारा!