न सांडलेला पेला

—अवो बसा की भाऊ, घोंगडीवर बसा, मालक लाईनीवरनं येतीलच. मुकादम भिमाजीचं घर पुसत आला न्हवं? मग ह्येच. मी त्येंची बायकू, सरुबाई. लोनावळ्याच्या हापिसातनं आलाय म्हंजी बक्षिसाचंच असनार — व्हय ना? कामशेतापतुर समद्यास्नी ठावं हाय, औंदा रेल्वेत पैला नंबर आमच्या रूळ राखनाऱ्या ग्यांगचा!

परीक्षा कशी घेत्यात, ठावं हाय? न्हाई? हापिसात बसून करता काय मग! साहेब ढकलगाडीवर बसतो, म्होरं फळीवर पान्यानं काठोकाठ भरल्याला पेला. गाडी रुळावरनं पळती, आन जितं पानी सांडंल तितं रूळ वाकडा — की झाला मार्क कमी. खंडाळ्याच्या ग्यांगचं सात डाव सांडलं. पेला कोरडा, आन साहेबाची इजार वली! आन आमचं? तीन मैलांत एक थेंब न्हाई. तवापासनं मालक जेवताना बी ताठ बसत्यात — "पैल्या नंबरला मीठ वाढ" म्हनत्यात. लय हसाया येतं, पन मीठ वाढते मी. वीस वरसं खडी ठोकली त्या मानसानं, कुनी शाब्बास म्हनलं न्हवतं.

कागद आनलाय? वाचा, वाचा मोठ्यांदी... काय? परत वाचा. लाईन येवडी चांगली हाय तर आठ मानसं कशाला, चार बास — काडायच्या चौघांची नावं द्या? अगं बया बया! ह्ये बक्षीस? चांगलं काम केलं म्हनून घरी बसा? नथू, गेनू, हौशीराम, मारुती — कुनाचं नाव देनार मालक? गेनूच्या बायकूला आटवा म्हैना हाय, भाऊ!

थांबा. उटू नका. ते पानी न्हवतंच. काय म्हंजी काय — पाक व्हता! साखरेचा, एकतारी, दिसाया पान्यावानी, पन घट, हिसक्यानं सांडत न्हाई. साहेबाचा पेला माज्याच घरनं भरून गेला ना! दिवाळीची समदी साखर घातली म्या. खोटं वाटतंय? मग मधमाश्या कशापायी लागल्या व्हत्या ढकलगाडीमागं, इचारा साहेबाला! त्यो आपला म्हनतोय, घाटात माश्या लय. न्हाई न्हाई, मालकांना ठावं न्हाई हां, देवाशपत. त्येंना वाटतंय त्येंच्या रुळानंच पानी हाललं न्हाई. तुमी लिवा — लाईन वंगाळ, लय वंगाळ, आठ बी कमी पडत्यात, धा पायजेत!

काय म्हनता? असं लिवलं तर... मालकांची मुकादमी जाईल?

वीस वरसं खडी ठोकून मुकादम झालं, आन आता परत घमेलं उचलायचं.

उचलत्याल. आठ मानसं ऱ्हात्याल न्हवं? मग लिवा की, थांबला कशापायी! लिवलं? आन आता निगा तुमी, मागल्या दारानं जावा — म्होरनं मालक येत्यात. त्येंना मीच सांगन. जेवन झाल्यावर.