रॉबिनच्या खुर्चीपेक्षा भारी

नाही नाही, ती नको — ती दिसायला राजासारखी आहे, पण टेकलं की मागे, मागे, मागेच जाते, माणूस झोपूनच जाईल, आणि मला झोपायची नकोय, कामाची पाहिजे. आठ-आठ, नऊ-नऊ तास बसायचं. मी नाही हो, बायको! मी कुठला बसतोय खुर्चीत, मी मोटरसायकलवर — ही बघा हेल्मेटं, एक माझं, एक पॅसेंजरचं. बायको घरून काम करते, कॉम्प्युटरवर, परदेशातल्या एकाचं. तर आते — मोठ्या बहिणीला म्हणतात तसं आते म्हणू ना? ‘नानाय’ म्हटलं तर आई केली म्हणून राग यायचा आणि भाव वाढायचा — आते, जपानहून उतरलेल्या या जुन्या मालात तुमची सगळ्यात भारी खुर्ची दाखवा. भारी म्हणजे महाग नाही! भारी म्हणजे... भारी. बघता क्षणी माणूस म्हणाला पाहिजे, वा, ही एल्जुनने आणलीय. तीन हजार पेसो आहेत. बरं, तीन हजार दोनशे. तेवढेच, खिसा उलटा करून दाखवू? आणि एक अट आहे, अठरा हजारांच्या खुर्चीपेक्षा भारी पाहिजे. हसू नका ना. हसताय काय, मी खरंच सांगतोय.

ही? ही काळी? हां, ही बरी आहे — थांबा, बसतो. आहाहा. जाळीची पाठ, वारं लागतं मागून. आमच्या खोलीत दुपारी काय उकडतं, पंखा नुसता गरम हवा इकडची तिकडे करतो. हात वर-खाली होतात? होतात! आणि हा खालचा दांडा — अरे बापरे, खाली गेलो. चालतंय की. घ्या, हीच द्या. चार वाजता तिची बस येतेय, लुकबानहून, आईकडे गेली होती चार दिवस. चारच्या आत ही टेबलापुढे पाहिजे. तिने दार उघडलं की पहिली ही दिसली पाहिजे आणि ती दुसरी दिसताच कामा नये. नेईन हो, मागे बांधून नेईन, मी मोटरसायकलवर फ्रिज नेलाय आते, खुर्चीचं काय घेऊन बसलात!

कोण दुसरी म्हणजे? दुसरी बाई नाही हो — दुसरी खुर्ची! त्याने पाठवलेली. रॉबिनने. रॉबिन म्हणजे तिचा साहेब, ऑस्ट्रेलियात बसतो, पर्थला. त्याचा कसला तरी धंदा आहे, झाडांची बियाणं का काय विकतो, आणि त्याची पत्रं, ऑर्डरी, सगळं माझी रोवेना बघते. आठ महिने झाले. बरं, साहेब असावा, साहेबासारखं असावं ना? तर म्हणे, मला सर म्हणू नको, मॅडम म्हणू नको, नुसतं रॉबिन म्हण. नुसतं रॉबिन! मग सकाळी उठल्यापासून आमच्या घरात रॉबिन. रॉबिनने विचारलंय पाऊस आहे का तिकडे. रॉबिन म्हणतंय जेवून घे आधी. अरे, तुला काय करायचंय माझी बायको जेवली की नाही जेवली? मी विचारतो ना! म्हणजे... मी विचारतो, घरी असलो की. आणि तोंड दाखवत नाही कधी. कॅमेरा बंद. फोटो बघितला मी एकदा, तिच्या खांद्यावरून वाकून — तर कुत्रा. चेहऱ्याच्या जागी कुत्र्याचा फोटो लावतो तो माणूस काहीतरी लपवतोय का नाही, तुम्हीच सांगा!

आणि मग गेल्या महिन्यात आलं खोकं. एवढं. दोन माणसांनी जिन्यावरून चढवलं, सगळी गल्ली बघायला. शेजारची नोरमिता म्हणते, “अगंबाई, लग्नात पण एवढं मोठं काही आलं नव्हतं ना तुमच्या?” टोमणा मला होता तो, मला कळतं. उघडलं, जोडलं — मीच जोडलं, आते, स्क्रू मीच पिळले, रॉबिन काय येणार होता पर्थहून पिळायला? — आणि रोवेना बसली. मागे टेकली. डोळे मिटले. आणि असा... कसं सांगू तुम्हाला... असा एक आवाज केला. लांब. हाऽऽऽ. चार वर्षं झाली लग्नाला, आते, असला आवाज मी एकदाही ऐकला नाही. हसा, हसा. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्याच्या आधी? त्याच्या आधी बसायची की. प्लॅस्टिकच्या खुर्चीत. आपली असते तीच, पांढरी, सणाला भाड्याने आणतात तसली. एकीचा पाय वाकायचा म्हणून दोन एकात एक घातल्या होत्या, मजबूत होते तशी. वर उशी. मग काय झालं? अख्खा देश बसतो त्याच्यावर! आणि मी विचारलं होतं हां, मी काही तसला नवरा नाही. ती उठताना टेबल धरून उठायची, कमरेवर हात ठेवून, तर मी म्हटलं, काय गं, पाठ दुखते का? ती म्हणाली, “ओके लांग.” ओके लांग म्हणजे ओके ना? चालतंय म्हणाली म्हणजे चालतंय. मग मी गेलो कामाला. आता बायको स्वतःच्या तोंडाने चालतंय म्हणतेय, तर मी काय तिच्या पाठीला जाऊन विचारू?

आणि पाठ मला पण आहे! बारा-बारा तास गाडीवर बसून माझी कंबर गेली होती, सकाळी पँट घालायला वाकता यायचं नाही. मी केला ना उपाय? ती बघा बाहेर लावलीय, लाल — सीट बघा. जेलची गादी, मारिकिनात खास शिवून घेतली, कारागीर म्हणाला बस एकदा, मी बसलो, त्याने खडूने माझ्या मांडीची खूण केली आणि तेवढीच कापली. लोण्यासारखी आहे. बसून बघा हवं तर. किती? साडेचार हजार. हां... साडेचार. जून महिन्यात. हो, रोवेना तेव्हा प्लॅस्टिकवरच होती. पण ते धंद्याचं आहे ना आते, ते वेगळं. ते... सोडा ना ते. या काळीचं बोला. तीन हजार?

कोण बसणार ते सांगितलं की. बायको. उंची? उंची म्हणजे — इथपर्यंत येते मला. हे इथे, छातीशी, या खिशाच्या थोडी वर. सेंटिमीटर मला काय माहीत? बायको आहे ती, कपाट आहे का मोजून ठेवायला! गुडघ्यापासून जमिनीपर्यंत? असं कोण विचारतं? ...बरं, मी बसतो, दाखवा. माझे पाय टेकतात पूर्ण, हां. सीटच्या कडेत आणि पोटरीत दोन-तीन बोटं जागा — आहे माझी. तिचे नाही टेकणार? एवढी कमी उंची असेल तर अगदी खाली केली तरी पाय लोंबतील? आणि पुढे सरकून बसली तर पाठीला काही लागणारच नाही? मग एवढी जाळी काय कामाची! हे तर मी... मी आपला मला बसून बघत होतो. दुखतं कुठे — वर की खाली? डावीकडे की — थांबा. थांबा, थांबा. आहे माझ्याकडे. मापं आहेत. फोनमध्ये फोटो आहे, सगळं लिहिलेलं.

हे बघा. वरचे आकडे बघा, गुडघा, मांडी, कोपर, कमरेचा खळगा, सगळं आहे. कुणी लिहिलं म्हणजे? ...त्यानेच. रॉबिनने. त्या खोक्यात चिठ्ठी होती. हो, मग? त्याच्याच मापाने त्याच्यापेक्षा भारी खुर्ची आणायची, याला डोकं लागतं. आणि मापं काही त्याने नाही घेतली हां! पर्थहून कशी घेणार? टेप मी धरली होती. हो, मी! रोवेना म्हणाली, जरा धर रे इथे, गुडघ्यापाशी, मला वाटलं युनिफॉर्म-बिनिफॉर्म शिवणार असतील कंपनीचा. बास्केटबॉलची मॅच चालू होती, शेवटची दोन मिनिटं, मी बघत बघतच आकडे सांगितले. एक्केचाळीस म्हटलं होतं बहुतेक. बघा, आहे का एक्केचाळीस? ...आहे ना. बघा, माझं बरोबर होतं.

खालचं नका वाचू. ते काही कामाचं नाही. मी पण नाही वाचलं — शेवटी काय लिहिलंय ते बघितलं आणि डोकंच फिरलं. ‘लव्ह, रॉबिन.’ लव्ह! सरळ! दुसऱ्याच्या बायकोला! माझा मामेभाऊ म्हणतो, गोरे लोक असंच लिहितात, पत्र संपलं की लव्ह, वीजबिलवाल्याला पण लव्ह. असेल. मी नाही लिहीत. अहो आते, नका वाचू म्हटलं ना, चष्मा कशाला लावताय आता —

काय? कुणाचं बाळंतपण? नाही, आम्हाला मूल नाही अजून. रॉबिनचं? वेड लागलंय का, रॉबिनचं बाळंतपण कसं होईल... कुठे लिहिलंय? ही ओळ? वाचा बरं. सावकाश वाचा, माझं इंग्रजी पॅसेंजरपुरतं आहे.

...

परत वाचा.

“तू पाठवलेला फोटो बघितला, एकात एक घातलेल्या दोन खुर्च्यांचा. तिसऱ्या बाळंतपणानंतर मी सहा वर्षं स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून काम केलं. घरी मी रोज सांगायचे, ठीक आहे. कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.”

बाई आहे.

नाही, तिने कधी सांगितलं नाही. म्हणजे — लपवलं नाही हो, आपल्या बोलण्यात कळतंच कुठे? तो पण ‘शा’, ती पण ‘शा’. आठ महिने ती म्हणतेय शा असं म्हणालं, शा तसं म्हणालं, आणि मी माझ्या डोक्यात त्याला मिशी लावून बसलो. दाढी पण. उंच, सोनेरी केसांचा, समुद्रावर फिरणारा. विचारायचं काय त्यात? नाव निघालं की मी उठून बाहेर जायचो, गाडी पुसायला. माझ्या गाडीएवढी चकचकीत गाडी नाही गल्लीत.

बरं झालं? काय बरं झालं, आते? अहो, पुरुष असता तर बरं झालं असतं! पुरुष असता तर मला कळलं असतं त्याला काय पाहिजे. मी म्हटलं असतं, लफंगा आहे, गोड बोलून पोरी पटवतो, परत पाठव त्याची खुर्ची, आणि ती रडली असती तरी मी बरोबर असतो. आता हिला काय म्हणू? तीन पोरांची आई. हिला माझ्या बायकोकडून काही नकोच आहे. हिने नुसता फोटो बघितला. मी तर त्या खुर्चीवर कपडे टाकायचो रोज, आते. रोज. आणि हिने पर्थमध्ये बसून एक फोटो बघितला आणि दुसऱ्यांदा विचारलं. आणि रोवेनाने सांगितलं! मला ओके लांग, आणि हिला सगळं — डावीकडे, खाली, बसलं की पायापर्यंत कळ जाते, सगळं लिहिलंय ना वर? मला का नाही सांगितलं? मी नवरा आहे! मला अजून राग येतोय, खरं सांगतो. आधीपेक्षा जास्त येतोय. पण आता तो ठेवायचा कुठे तेच कळत नाहीये.

नका हो असं बघू. पाणी नको मला.

ती खुर्ची? कुठे असणार, घरीच आहे. घरीच... खोलून ठेवलीय. आज सकाळी. सगळे स्क्रू काढले, पाय वेगळे, पाठ वेगळी, पुन्हा खोक्यात भरली, वर टेप लावली. तीन थर. नोरमिताला सांगून पण आलो मोठ्या तोऱ्यात, की साहेबाची वस्तू साहेबाला परत, आम्हाला भीक नको. वाजले किती? तीन? तीन वाजून गेले?

काय म्हणताय? या ताई कधीच्या थांबल्यात? मला दिसल्याच नाहीत. बसा ना, ताई, बसा, बघा बसून. नर्सिंगची परीक्षा द्यायची आहे का? मग बसावं लागणार तुम्हाला भरपूर. मागे सरका पूर्ण. पाय टेकतात? आते, बघा, टेकतात की यांचे! आणि इथे बोटं घाला — एक, दोन, हां, जागा आहे. दुखतं का तुमचं कुठे? ओके लांग नका म्हणू, नीट सांगा. खांदे? मग हात थोडे वर करून घ्या, तो खटका आहे बघा डावीकडे. आता?

...हां. तोच आवाज.

द्या, आते, यांनाच द्या. नाही, दुसरी दाखवू नका. स्वस्त पण नको, फुकट पण नको. आमच्याकडे आहे खुर्ची. सरका जरा, हेल्मेट घेऊ द्या माझं — चारच्या आत जोडायची आहे मला ती.