डोळे पूर्ण होईपर्यंत

हात लाव गं प्रीती, रंग वाळलाय — तुझी आईच आहे ती. आमच्याकडे स्वयंपाकाला येते, तीच बायजाबाई. परवा प्रदर्शन उघडल्यापासून या हॉलमध्ये सगळं ठाणं तिच्याच चित्रासमोर थांबतंय. एकानं विचारलं, सर, ही भीती चेहऱ्यावर आणलीत कशी? म्हटलं, चाळीस वर्षं चित्रकला शिकवलीय. तसं खोटं नाही ते — म्हणजे, खरंही नाही.

काय? किती वाजता? स्फोट झाला अकराला. कोपरला माझ्या खिडकीच्या काचा थरथरल्या, मानपाड्याच्या बाजूला धूर दिसला. ती चित्रासाठी समोर बसली होती, म्हणाली, सर, आमचे तिथंच ड्युटीवर आहेत. मी म्हटलं, बसा, रस्ते बंद असतील, काही कळलं की सांगतो. समोर बसणाऱ्याचा फोन मी आवाज बंद करून माझ्याकडं ठेवतो, नियमच आहे — फोन वाजला की मान वळते, भाव जातो. आणि मला काय विचारतेस? त्या कारखानदाराला विचार ना, भोंगा का नाही वाजला ते.

हो, आला तिच्या फोनवर तुझा मेसेज. अकरा वीसला. बाबा बाहेर आलेत, फक्त हात भाजलाय. उघडला मी — निळ्या खुणा तू पाहिल्यासच, आता काय लपवू?

फक्त डोळे राहिले होते गं. तीन आठवडे सांगत होतो, बाई, काळजी आणा चेहऱ्यावर — ती आपली लाजून हसायची. त्या दिवशी आपोआप आली. म्हटलं, पाच मिनिटं — पंचवीस झाली. ती पदर चावत होती, ओठ हलत होते, पण पावलं — बैठक बदलू नये म्हणून पावलांभोवती मी खडूनं रेघ मारतो — त्या रेघेबाहेर तिनं पाऊल टाकलं नाही. हलू नका, असं मीच सांगितलं होतं ना.

मग मेसेज वाचून दाखवला, तर माझ्याच पाया पडली. म्हणाली, सर, तुम्ही होतात म्हणून धीर राहिला. आणि मी पडू दिलं.

खाली आलीय? तूच सांग तिला. मी सांगितलं तर म्हणेल, असू द्या सर — आणि मी ते ऐकून घेईन, घरी जाऊन जेवेनसुद्धा. तू सांग. जा ना — उभी काय राहिलीस?