विहीणबाईंची पानं

…आणि वर मलाच म्हणतात, रिलॅक्स व्हा! अहो, उशी केवढी? तळहाताएवढी! तिच्यावर हा एवढा माणूस मांडी घालून बसवायचा, समोर वासाची मेणबत्ती लावायची, मोबाइलवर झऱ्याचा आवाज लावायचा… आता झऱ्याचा आवाज तासभर ऐकून माझ्या वयाच्या माणसाला काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको… आणि डोळे मिटून म्हणायचं, "सगळं सोडून द्या." बाई, उठू द्या मला, नाहीतर खरंच सोडेन!

तुम्हाला सांगतो, मला टॅरो शिकायचं नव्हतं. माझं मटणाचं दुकान आहे. मिसरूड फुटलं तेव्हापासून हातात सुरा आहे आणि तोंडात शिवी आहे, दोन्हींना धार आहे. असा माणूस पानं उलगडून लोकांचं भविष्य सांगत बसेल का? पण बसलो. का बसलो? जावयापायी. म्हणजे तेव्हा तो जावई नव्हता, व्हायचा होता, आणि व्हायच्या आतच मी त्याचे दात पाडले.

हसताय काय? ऐका तरी! पोरगी म्हणाली, बाबा, मी एकाला घरी आणतेय, नीट वाग. म्हटलं, वागतो. आला. दातांचा डॉक्टर. गोरापान, बुटांना पॉलिश, चहा पितानासुद्धा आवाज नाही. सगळं छान चाललेलं. आणि मध्येच कप खाली ठेवून हा शहाणा हसून म्हणतो, "काका, लवकर हो म्हणा हं, नाहीतर मी हिला पळवून नेईन."

आता तुम्हीच सांगा! पळवून नेईन? माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन, माझ्या पोरीला? तिची आई ती बोलायला लागायच्या आत गेली हो. तेव्हापासून कुणी 'नेईन' म्हटलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. हात कधी उठला मलाच कळलं नाही. पुढचे दोन दात! एक बशीत, एक कपात! दातांचा डॉक्टर स्वतःचा दात चहातून चमच्याने काढतोय, आणि माझी पोरगी किंचाळतेय, "बाबा, गंमत होती ती! शब्दशः घ्यायचं नसतं!"

तिथून हे सुरू झालं बघा. शब्दशः घ्यायचं नाही!

पोरीने बोलणं टाकलं. आठवड्याने निरोप पाठवला की लग्न ठरलंय आणि त्यात बापाला जागा नाही. मी दुकानात त्या दिवशी ठोकळ्यावर असा सुरा मारला की ठोकळाच दुभंगला, गिऱ्हाईक पैसे टाकून पळालं, मटण न घेता! मग फोन केला, पाया पडलो, फोनवर पडता येतं तेवढा पडलो. तेव्हा तिने अट घातली. म्हणाली, माझ्या सासूबाई टॅरोचे क्लास घेतात, त्यांच्याकडे शीक, डोकं शांत कर. त्या म्हणाल्या की बाबा बदलला, तर लग्नाला ये.

कळलं का? ज्या बाईच्या पोराचे दात पाडले, तिच्याच पायाशी बसून मी शांती शिकायची! आणि विहीणबाई म्हणजे काय… पांढरी साडी, पांढरे केस, आवाज साखरेच्या पाकात बुडवलेला. पहिल्या दिवशी दात हा शब्दसुद्धा काढला नाही. नुसत्या हसल्या. मी म्हटलं, इथे काहीतरी शिजतंय.

पहिलाच धडा. अठ्ठ्याहत्तर पानं. मी पिसायला घेतली. आता माझा हात हाडं फोडायचा, त्यात दोन पानं दुमडली आणि एक फाटलं. विचारलं, यात जोकर कुठला? विहीणबाई म्हणाल्या, हे पत्ते नव्हेत, पानं म्हणायचं, आणि जोकर नसतो, मूर्ख असतो. आणि माझ्याकडे बघितलं. मुद्दाम बघितलं!

मग त्यांनी एक पान वर धरलं. एक माणूस, एका पायाने उलटा टांगलेला. काय वाटतं पाहून, प्रत्येकाने सांगा. कुणी म्हणालं त्याग, कुणी म्हणालं नवी दृष्टी. माझी पाळी आली. मी म्हटलं, चांगला टांगलाय, असाच टांगावा, रक्त नीट उतरतं, पण एका पायावर वजन पेलणार नाही, दुसराही आकड्याला लावा. एक नर्स होती शेजारी, रोज ऑपरेशन बघणारी बाई, ती तोंड धरून बाहेर पळाली! दहा तलवारींचं पान आलं, एकाच्या पाठीत दहा खुपसलेल्या. म्हटलं, हा काय बिनडोकपणा? तिसरीलाच काम झालं, पुढच्या सात वाया. विहीणबाईंनी डोळे मिटून श्वास घेतला आणि म्हणाल्या, "शब्दशः घ्यायचं नाही, व्याही. तलवार म्हणजे विचार." विचार! बरं बाई, विचार. माझ्या दुकानात अर्धा डझन विचार भिंतीला लटकवलेत.

हे सगळं चाललं असतं हो. पण विमेवाला! आमच्या क्लासात एक विमा एजंट होता, आयुष्यभर लोकांना 'उद्या तुम्हाला काही झालं तर' म्हणून घाबरवण्यावर घर बांधलेला माणूस. जोड्या लावल्या, आणि तो आला माझ्या वाट्याला. म्हणतो, माझं वाचा. मी पान काढलं. घोड्यावर सांगाडा. खाली ठळक लिहिलंय, मृत्यू. आता काय वाचणार? जे लिहिलंय तेच वाचणार ना? म्हटलं, साहेब, आटोपलं. घरी सांगून या.

तुम्हाला सांगतो, त्या माणसाने माझी कॉलर धरली! स्वतः रोज दहा घरांत मरण विकतो, आणि एक दिवस मरण त्याच्या घरी आलं तर माझी कॉलर? मी त्याची धरली. त्याने माझ्या पोटात गुडघा घातला, मी त्याच्या कपाळावर कपाळ आपटलं, मेणबत्ती पडली, उशीने पेट घेतला, नर्स त्यावर झऱ्याचं… नव्हे, बाटलीतलं पाणी ओततेय, आणि आम्ही दोघं एकमेकांना ओढत दारातून बाहेर, जिन्यावर. तो जिन्याच्या टोकाला कलंडलेला, मी त्याला एका हाताने कॉलरला धरून अधांतरी तोललेलं. आणि विहीणबाई मागून ओरडतायत, "राग आला की आधी पान काढायचं! पान काढा!"

हा त्यांचा नियम होता. त्यासाठी दुसरी पानं होती, ओरॅकलची. त्यांत चित्राखाली सरळ एक वाक्य असतं, डोकं चालवायची गरज नाही. मला ती फार आवडायची. मी म्हटलं, बघा, रागातसुद्धा नियम पाळतो, सांगा माझ्या पोरीला! त्यांनी गठ्ठा पुढे केला, मी मोकळ्या हाताने पान ओढलं, वाचलं. 'सोडून द्या.'

सोडलं.

अहो, मग काय करायला हवं होतं? स्पष्ट लिहिलं होतं! विमेवाला गडगडत गेला खाली, प्रत्येक पायरीला वेगळा आवाज काढत. विहीणबाईंनी घाबरून दुसरं पान काढलं, ते होतं, 'विश्व तुम्हाला अलगद झेलेल.' विश्वाने काही झेललं नाही. खाली उभ्या केलेल्या स्कूटरने झेललं. हात मोडला, आणि विमा? स्वतःचा उतरवलाच नव्हता बेट्याने!

रात्री पोरीचा फोन. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. हळूच म्हणाली, "बाबा, लग्न जवळ आलंय. रविवारी मी येते. सासूबाईंची पानं तू वाचायची. त्या हो म्हणाल्या तर ठीक, नाही तर…" आणि ठेवला फोन. नाही तर काय, ते बोलली नाही. पण ते मला शब्दशः कळलं.

झालं, माझी झोप उडाली. दुकानात खिम्याशेजारी पानं मांडून पाठ करायला लागलो. मृत्यू म्हणजे बदल. मनोरा कोसळला म्हणजे जुनं गेलं, नवं बांधा. गिऱ्हाइकाने अर्धा किलो मागितलं की मी म्हणायचो, ताई, अर्धं मागू नका, विश्वाकडे पूर्ण मागा. एकीने पिशवी घातली डोक्यात.

रविवार आला. विहीणबाई समोर, नर्स बाजूला, विमेवाला प्लास्टर घालून मुद्दाम पुढे बसलेला, माझी फजिती बघायला. पोरगी यायची होती. मी हात धुऊन, दोनदा धुऊन, पानं मांडली. पहिलं उलटलं, मृत्यू. म्हटलं, बदल. विहीणबाई मान हलवतात. दुसरं, मनोरा. म्हटलं, जुनं पडतं, नवं उभं राहतं. पुन्हा मान. विमेवाल्याचं तोंड उतरलं. तिसरं उलटलं, नऊ तलवारी. भिंतीवर तलवारी, आणि अंथरुणात उठून बसलेली एक बाई, दोन्ही हातांत तोंड लपवून.

पाठ होतं हो मला! 'चिंता, उजाडल्यावर जाईल.' एवढं म्हणायचं आणि सुटायचं. पण मी त्या बाईकडे बघत राहिलो. आणि बोलून गेलो, "विहीणबाई, ही झोपत नाही. मुलगा लग्न करून वेगळा राहायला जाणार, मग या घरात झऱ्याचा आवाज मोबाइलवरच लावायचा, दुसरा आवाज कुठला? मला ओळखू आली ती, कारण मीही असाच बसतो."

विहीणबाईंचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्या मुलाचे दात पाडलेत." एवढ्या दिवसांत पहिल्यांदा! आणि तो स्फटिकाचा गोळा असतो ना टेबलावर, शोभेचा, तो उचलून माझ्या डोळ्यावर घातला.

तुम्हाला सांगतो, मी बैलाची लाथ खाल्लीय, पण ही वेगळीच! मग घंटा, पितळेची, कानावर. मग अर्थांचं जाड पुस्तक, डोक्यावर, कडेने. पांढरी साडी खोचून ती बाई माझ्या छातीवर बसली आणि केस धरून माझं डोकं जमिनीवर आपटतेय, "दुधाचे नव्हते ते! परत येणार नाहीत ते!" नर्स ओढतेय, विमेवाला एका हाताने टेबल बडवत ओरडतोय, "शब्दशः घ्या, बाई, शब्दशः!" आणि मी? माझा हात एक उठला असता ना, तर ती बाई खिडकीतून बाहेर गेली असती. मी दोन्ही हात पाठीखाली दाबले आणि त्यांवर पडून राहिलो. माझंच वजन माझ्या हातांवर. मार खाताना हात कुठे ठेवायचे हे मला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

दारात पोरगी उभी. कधीची उभी होती कुणास ठाऊक. विहीणबाई दमून बाजूला झाल्या, धापा टाकत, केस मोकळे, आणि तुम्हाला सांगतो, चेहरा एकदम शांत! क्लासात कधी दिसला नव्हता इतका. पोरगी माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "बाबा, हात कुठायत तुझे?" मी म्हटलं, खाली आहेत, जागेवर आहेत. तिने ते एकेक करून ओढून काढले, मुंग्या आलेले, निळे पडलेले, आणि धरून बसली. विहीणबाईंनी पदराने घाम पुसला आणि म्हणाल्या, "येऊ दे यांना."

झालं लग्न. विहीणबाईंनी स्वतः हाताला धरून मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. डोळा मात्र उघडेना, आतपर्यंत सुजलेला, डॉक्टर म्हणाले महिना जाईल. म्हणजे बघा, जन्मभर लोकांना मारलं, कुणी बसायला पाट दिला नाही, आणि एकदा मुकाट मार खाल्ला तर पहिल्या रांगेत खुर्ची! लग्न अर्धंच दिसलं हो. नवरी त्या उघड्या डोळ्याच्या बाजूला होती, तेवढं नशीब.