गिऱ्हाइकाला दाखवायचा क्रॉस

दिनांक ११ फेब्रुवारी १९७४, सोमवार, सकाळी ११ वाजता.

नाव: लहू भिवा घाडी. वय ३४ वर्षे. धंदा: मोटार मेकॅनिक. राहणार: गुंदवली, अंधेरी पूर्व. मूळ गाव तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी.

मी स्वतःहून ठाण्यात आलो असून समक्ष सांगतो की, गेली नऊ वर्षे मी गुंदवलीच्या रवळनाथ गॅरेजमध्ये काम करतो. मालक तुळशीदास गोविंद परब हे माझी बायको कुंदा हिचे थोरले भाऊ. मला या धंद्याला त्यांनीच लावले.

श्रीमती रत्नप्रभा कीर्तिकर, राहणार विलेपार्ले पूर्व, या एका प्रसूतिगृहात नर्स आहेत. यजमान वारल्यापासून त्यांची हेरल्ड गाडी त्या स्वतः चालवतात. २४ जानेवारीला त्यांनी गाडी आणली. गाडी सुटताना आणि रिव्हर्स घेताना मागून कटकट आवाज येतो अशी तक्रार होती. हेरल्डच्या मागच्या दोन चाकांना दोन वेगळे शाफ्ट असतात आणि प्रत्येकाच्या आतल्या टोकाला एक युनिव्हर्सल जॉइंट असतो. आम्ही त्याला क्रॉस म्हणतो. या गाडीत चाकाला जागेवर धरणाराही तोच शाफ्ट असल्याने क्रॉस तुटला की चाक आत दुमडते. हे मला तुळशीदास यांनीच शिकवलेले आहे.

मी दोन्ही क्रॉस खोलले. टोप्या काढल्यावर बेअरिंगच्या सुयांचा तपकिरीसारखा लाल भुगा हातात आला. बाजारात नवा क्रॉस एकच मिळाला, तो मी डाव्या बाजूला बसवला. दुसरा मिळेपर्यंत गाडी ठेवून घेऊ, असे मी म्हणालो. बाईंना उद्या ड्युटीला गाडी हवी आहे, असे तुळशीदास यांचे म्हणणे पडले. त्यांनी तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापली, उजव्या क्रॉसच्या टोपीत ठोकून खेळ, म्हणजे ढिलेपणा, बंद केला, ग्रीस भरले आणि वरून चंदेरी रंग मारला. चाक मी चढवले. नट मीच आवळले. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती.

काढलेला जुना माल गिऱ्हाइकाला दाखवायची आमच्याकडे पद्धत आहे. त्यासाठी तुळशीदास यांच्या खणात एक कुजका क्रॉस कायम असतो. तो १९७१ साली एका फियाट टॅक्सीचा मी काढलेला आहे. तीन वर्षे तोच एक क्रॉस सगळ्यांना त्यांचा म्हणून दाखवला जातो. तुळशीदास तो दोन बोटांत धरतात, नाक मुरडतात आणि म्हणतात, देवाची कृपा म्हणून वाचलात. प्रत्येकाला हेच वाक्य. हात काळे होतील म्हणून गिऱ्हाईक तो नको म्हणते आणि तो परत खणात जातो. हे तीन वर्षे मी बघत होतो.

२५ तारखेला दुपारी चार वाजता बाई आल्या. तुळशीदास यांनी डाव्या बाजूचा खरा जुना क्रॉस आणि खणातला फियाटचा असे दोन दाखवले, वाक्यही म्हटले. बाईंनी दोन्ही बांधून मागितले. त्यांचे यजमान गाडीतून निघालेला प्रत्येक भाग तारीख घालून ठेवायचे, म्हणून त्याही ठेवतात. तसे यापूर्वी कोणी मागितले नव्हते. बाईंनी मला विचारले, "लहू, दोन्ही माझ्याच गाडीचे ना?"

मी म्हणालो, "हो बाई." आणि कागदात बांधून दिले.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी, सकाळी सव्वानऊच्या सुमारास कोलडोंगरीच्या वळणावर गाडीचे मागचे उजवे चाक दुमडले. गाडी फुटपाथवर गेली. बाईंचे मांडीचे हाड मोडले, एका सायकलवाल्याचा पाय गेला. दहा वाजता गॅरेजमध्ये बातमी आली. तुळशीदास यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मला विचारले, "तो पीस खंय आसा?" पीस म्हणजे बाईंनी नेलेला फियाटचा क्रॉस. बाई जिवंत आहेत का, हे त्यांनी विचारले नाही.

शनिवारी त्यांनी याच ठाण्यात सांगितले की दोन्ही क्रॉस नवे घातले होते आणि बाई गाडी बेफाम हाकतात. त्यावरून बाईंवर गुन्हा दाखल झाला आहे. त्यांचे लायसन जाईल, नोकरीचेही सांगता येत नाही. मी तेव्हा तुळशीदास यांच्या शेजारी उभा होतो. काही बोललो नाही.

रविवारी दुपारी ते माझ्या घरी जेवायला आले. बाई इस्पितळात आहेत तोवर त्यांच्या घरी जा आणि मोलकरणीला काहीतरी थाप मारून तो क्रॉस घेऊन ये, असे त्यांनी मला सांगितले. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "तुका काय पडलाहा? त्या बाईक काय कळता क्रॉसातला?" आणि त्यांनी कुंदाकडे आणखी कालवण मागितले. मला त्यांची किळस आली. त्यांना ज्यातून वाढले त्या टोपातले कालवण माझ्या घशाखाली उतरेना, मी ताटावरून उठलो. हवालदार साहेब म्हणतात की जबाबात किळस वगैरे लिहीत नाहीत. मी तो शब्द ठेवावा अशी विनंती केली. तो एकट्या तुळशीदास यांच्यासाठी नाही.

आज सकाळी आठ वाजता मी पार्ल्याला गेलो. मोलकरीण सखुबाई मला ओळखते. तिने मला बसवून चहा दिला. क्रॉस दर्शनी कपाटात घासूनपुसून ठेवले होते, दोऱ्याने चिठ्ठ्या बांधलेल्या. बाईंनी मागवलेत, असे सांगून मी ते घेतले. हेही खोटेच. गेटाबाहेर येऊन चिठ्ठ्या वाचल्या आणि गॅरेजला न जाता इकडे आलो.

दोन्ही क्रॉस चिठ्ठ्यांसह हजर करतो. मोठा हेरल्डचा आहे. लहान फियाटचा आहे, तो हेरल्डला बसूच शकत नाही, कोणत्याही मेकॅनिककडून माप घ्यावे. उजव्या शाफ्टच्या टोपीत डब्याची पट्टी अजून अडकलेली असेल. तिच्यावर हिरवा रंग आहे.

लहान क्रॉसच्या चिठ्ठीवर बाईंच्या अक्षरात लिहिले आहे: "मागचा उजवा. २५-१-७४. लहूने नवीन बसवला. आता काळजी नाही."

जबाब हवालदार साहेबांनी मला मराठीत वाचून दाखवला, चिठ्ठीसकट. मी सांगितले तसाच उतरला आहे आणि खरा आहे. चिठ्ठीवरचे तेवढे खोटे आहे.

सही: लहू भिवा घाडी