चुना लावलेल्या दगडांमागची झाडं

हॅलो?… तेओ? हां, येतोय आवाज. कुठं आहेस?… पैसे पाठवायच्या रांगेत. पुढं किती जणी?… चार. बरं, ऐक. पाठवू नकोस.

नाही गं, कुणाला काही झालेलं नाही. आई बरी आहे, मटोकेची केळी सोलत बसलीय. घराचं सांगतेय. तुझ्या घराचं…

हो, पाहिलं. तिसऱ्यांदा. या खेपेला दलालाला न सांगता गेले. तो इव्हान सोबत असला की बोलून बोलून भिंतीपुढंच उभा राहतो.

छप्पर? छप्पर ठीक आहे. काल झोडपून पाऊस झाला म्हणून तर आज सकाळीच गेले. मागच्या खोलीत गुडघ्यापर्यंत रंग नवा, वरचा जुना. मी कपाट सरकवलं… का म्हणजे? कपाटामागं कोण रंग देतंय. ओल आहे, पण ती न्हाणीच्या नळाची. नळ बदलला की जाईल. त्याला मी भीत नाही.

संडासात चार बादल्या ओतल्या. गेलं पाणी… हसू नकोस, राखणदारपण हसत होता. म्हणाला, मॅडम, घर घेताय की धुताय?

अगं तेच सांगतेय, घरात काही नाही. बाहेर आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी… हो, तुझं लाडकं, निळ्या फरशीचं. तिथून अंगणात झाडांची एक ओळ गेलीय. पाच झाडं. त्या सेमाकुलानं घर विकायला काढलं म्हणून बुंध्यांभोवती दगड मांडलेत, दगडांना चुना फासलाय. इव्हान म्हणाला होता, शोभेची आहेत.

ओमुलामुला आहेत, तेओ.

हं. आता आठवलं ना?

हो, तीच. बाबांचं आणि काकांचं भांडण मिटलं, तेव्हा चौघांदेखत हद्दीवर लावली होती, तीच. मग अंगणाच्या मधोमध कोण लावतं?… मलाही तेच वाटलं. दोनदा त्यांच्याशेजारून गेले आणि दिसली नाहीत. आज चुना चमकला म्हणून दिसली.

मग भिंतीपलीकडं गेले. एक आजीबाई राहते तिथं, जाजा नालुगो म्हणतात तिला. ऐंशीच्या पुढची असेल. गुडघे टेकून नमस्कार केला, तर आधी आपलं कूळ विचारलं, मग बाबांचे बाबा कोण… हो, सगळं सांगितलं, काय करणार. मग म्हटलं, जाजा, पलीकडची ती झाडं कुणाची? म्हणाली, मी आणि माझ्या नवऱ्यानं लावली, या सेमाकुलाच्या बापाला बरोबर घेऊन. बाप भला होता. पोरानं भिंत घातली तेव्हा मी आजारी, लेकीकडं. परत आले तर माझी आठ पावलं भिंतीच्या आत.

आठ पावलं म्हणजे… स्वयंपाकघर. आणि संडासाचा खड्डा… हो. निळी फरशी जाजाच्या जमिनीवर आहे.

नुसत्या तिच्या बोलण्यावर नाही गेले मी. वस्तीच्या अध्यक्षांकडं गेले. तक्रारीचा कागद आहे त्यांच्याकडं, तीन वर्षांपूर्वीचा. म्हटलं, मग घर बघायला येणाऱ्यांना सांगत का नाही? म्हणाले, विचारायला तूच पहिली आलीस.

सेमाकुलानं उपटली का नाहीत? तू उपटली असतीस?… मग. भिंत घालताना त्याला काही वाटलं नाही, पण ओमुलामुलाला हात लावायला तोही धजला नाही. नटवली मात्र.

काय? पुढं एकच? तेओ, बाहेर ये. आत्ता. मी फोन धरून आहे… हं, गाड्या ऐकू येतायत. सावली आहे का तिथं?… दोहात कुठली सावली म्हणा. भिंतीला टेकून उभी राहा.

रड. रड गं, कोण बघतंय. पण पाणी पी… सात वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळलीस, ती आठ पावलांत जाणार होती. गेली नाहीत. खात्यातच आहेत. मी इथं चपातीवाल्याच्या बाकावर बसलेय. चहा दिलाय त्यानं, साखर विचारलीसुद्धा नाही.

इव्हानला? कळवलं. म्हणाला, म्हातारी आता किती वर्षं जगणार. मी म्हटलं, हे तुझ्या आजीसमोर बोलून दाखव… नाही. त्यानं फोनच ठेवला.

आईला मी सांगते. तिनं पडदे शिवायला टाकलेत, ते ठाऊक आहे मला. शिवू देत. खिडक्या मिळतील त्यांच्या मापाच्या.

थांब, एक राहिलंच. निघताना जाजानं फांदी तोडून दिली. ओमुलामुलाची. भिंतीपलीकडच्या झाडांना तिला हात लावता येत नाही, म्हणून दुसऱ्या हद्दीवरची. म्हणाली, बहिणीनं जागा घेतली की आधी शेजाऱ्यांना बोलाव, हे लाव. भिंत मागाहून… मांडीवर आहे माझ्या. मोटरसायकल घेऊन थांबलेला बोडावाला कधीचा विचारतोय, मॅडम, हे लावायचं कुठं. म्हटलं, ते अजून ठरायचंय.

नाही वाळत. कुठंही धरतं ते. घरी गेले की मार्जरिनच्या डब्यात माती घालून ठेवते… हो, हो, तुझ्याच नावानं.

पाणी प्यायलीस?… बरं. आता जा, तुझी मालकीण घड्याळ बघत असेल. ठेवते.