पोलकं झालं तरी मशीन चालूच

अरे राव, आमच्या कंपनीत प्रेसच्या धडधडाटात वाढलेली एक मांजरी पाय मोडून बसली, म्हणून मी तिला काळेवाडीला घरी आणली. पायाला पट्टी बांधली, दूध ठेवलं, तरी कॉटखालून बाहेर येईना.

बायको म्हणाली, "अहो, घाबरलीय ती. हळू बोला."

आम्ही कुजबुजायला लागलो, तर ही थरथरत आणखी आत सरकली!

पण शेजारणीचं पोलकं द्यायचं होतं, म्हणून बायकोनं शिलाई मशीन सुरू केलं. खडखडाट ऐकताच बाईसाहेब लंगडत बाहेर आल्या, दूध प्यायल्या आणि मशीनशेजारी त्यांनी ताणून दिली. मशीन थांबलं की दचकून उठायच्या.

शेवटी पायडल मारत बायको माझ्यावर ओरडली, "पोलकं केव्हाच झालंय! या, बसा इथं. माझी शिफ्ट सुटली!"